तिसरीवाले नाना

नाना कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावतात. दाराची कडी, नळाची तोटी, रिक्षाचा दांडा, देवळातली घंटा, काहीही असो. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं, काही झालं नाही अशी खात्री पटली की मग हात सुलटा करून वस्तू धरायची. जळगावात पिंप्राळ्याच्या आमच्या कॉलनीत ते नवीन राहायला आले, तेव्हा भाजीवाल्या कमलबाईच्या तागडीला त्यांनी असाच उलटा हात लावला. तिला वाटलं, म्हातारा मापात खोट काढतोय. तिनं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तागडीला पुन्हा एकदा उलटा हात लावला आणि म्हणाले, "ठीक शे. द्या पाव किलो गिलके."

माझी जाऊ तिचं दोन महिन्यांचं बाळ घेऊन आमच्याकडे आली होती. नाना बघायला आले. बाळाच्या गालाला त्यांनी आधी बोटांची मागची बाजू टेकवली, थांबले, आणि मग गाल कुरवाळला. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाना, बाळाला कसला करंट?"

"सवय बाळ बघत नाही, बाई," ते म्हणाले. मी शाळेत शिकवते, म्हणून ते मला बाई म्हणतात. "करंट लागला की मूठ आपोआप मिटते. सुलटा हात लावला तर माणूस ती वस्तू धरूनच ठेवतो. उलटा लावला तर हात झटक्यानं मागे येतो. धरलं तो मेला, झटकलं तो वाचला."

नानांचं नाव सुकलाल. मूळचे धुळ्याजवळच्या सोनगीरचे. तीसहून जास्त वर्षं त्यांनी कलकत्त्याच्या भुयारी रेल्वेत काढली. आपल्याकडच्या गाड्यांना वीज वरून मिळते, डोक्यावरच्या तारेतून. त्या भुयारात मात्र दोन रुळांच्या शेजारी तिसरा एक रूळ असतो आणि वीज त्याच्यातून खेळवलेली असते. गाडीच्या चाकांजवळ एक लोखंडी बूट असतो. तो या रुळाला खालून घासत जातो आणि गाडी पळते. हा तिसरा रूळ चिनी मातीच्या ठोकळ्यांवर बसवलेला असतो आणि चुकून कोणाचा पाय लागू नये म्हणून त्याच्यावर झाकणं घातलेली असतात. ती झाकणं, ते ठोकळे, ते सांधे तपासायचे, हे नानांचं काम. शेवटची गाडी गेली की वीज बंद करून भुयारात उतरायचं आणि पहिल्या गाडीच्या आत वर यायचं.

त्या रुळाला नाना रूळ म्हणत नाहीत, थर्ड रेल म्हणत नाहीत. नुसतं 'तिसरी' म्हणतात.

या एका शब्दापायी आमच्या कॉलनीची दोन महिने करमणूक झाली. नाना अंगणात उभं राहून कलकत्त्याच्या जुन्या सोबत्यांशी मोठमोठ्यानं फोनवर बोलायचे. मी ओट्यावर तांदूळ निवडत असायची. "तीसरी कैसी है?" नाना विचारायचे. "अच्छे से ढाक के रखना. नए लडकों को उसके पास अकेला मत छोडना. पानी लगा तो बिगड जाएगी." मी तांदूळ तसेच ठेवून आत गेले आणि आमच्या यांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते समोरच्या महाजनवहिनींना कळलं आणि रात्रीच्या आत बाकीच्यांना. वहिनींची शंका तर आणखी पुढची. "तिसरी कलकत्त्याला असेल, तर दुसरी कुठे असेल हो?"

नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणतो. शेवटी वहिनींनी धीर करून अक्कांनाच विचारलं. अक्का मेथी खुडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रूळ शे तो. लोखंडना."

मग मेथीची काडी मोडून म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं होतं. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी एकदा कलकत्त्याला गेले, तेव्हा फलाटावरून बोट दाखवून दाखवली त्यांनी. म्हणाले, ती बघ तिसरी. मी नमस्कार केला."

महाजनभाऊंनी एकदा नानांची थट्टा केली. भाऊ चौकात दुकान चालवतात आणि त्यांना सगळ्यातलं थोडं थोडं कळतं. म्हणाले, "नाना, तुमच्या तिसरीत साडेसातशेच व्होल्ट. आमच्या पिंप्राळा रेल्वे गेटावरच्या तारेत पंचवीस हजार. तुमची तर लेकरू झाली."

नानांना ते लागलं. ते म्हणाले, "भाऊ, साप झाडाच्या शेंड्यावर असला तर तुम्ही जास्त घाबरता, का तुमच्या पायाशी असला तर? पंचवीस हजार वर असतात, माणसापासून लांब. तिसरी पायाशी असते. तिच्यासोबत माणसाला राहावं लागतं."

विजेचं कुठलंही काम नाना आनंदानं करतात, पण त्यांच्या पद्धतीनं. आमचा पंखा बंद पडला, तेव्हा आधी मेन स्विच बंद केला, फ्यूज काढला आणि खिशात टाकला. "फ्यूज काम करणाऱ्याच्या खिशात. दुसऱ्या कोणाच्या भरवशावर जीव ठेवायचा नाही." मग आमच्या यांना स्टुलावर चढवून पंखा खाली उतरवून घेतला, अंगणात बसून दुरुस्त केला, यांनाच परत चढवून लावायला सांगितलं आणि समाधानानं घरी गेले. फ्यूज खिशातच. घरी जाऊन झोपले. रात्रपाळीची सवय असल्यानं दुपारची त्यांची झोप म्हणजे दगड. चैत्रातली जळगावची दुपार आम्ही ओले पंचे अंगावर घेऊन काढली.

एवढं सगळं असूनही मला नाना-अक्कांच्या घरात काहीतरी वेगळं वाटायचं. भांडण नव्हतं. उलट दोघं एकमेकांशी फार जपून वागायची, पाहुण्यांशी वागतात तशी. अक्का चहा पुढे ठेवायच्या आणि विचारायच्या, "साखर बरी शे का?" लग्नाला चाळीस वर्षं उलटून गेलेल्या बाईनं नवऱ्याला रोज साखर विचारावी? नंतर माझ्या लक्षात आलं की त्या चाळीस वर्षांत ही दोघं एका छपराखाली फार थोडी राहिली होती. नाना वर्षाकाठी एकदा, फार तर दोनदा सुट्टीवर यायचे. अक्कांनी सोनगीरला सासू-सासऱ्यांचं केलं आणि एकुलती मुलगी वैशाली एकटीनं वाढवली. नाना निवृत्त झाले तेव्हा वैशाली जळगावला बँकेत होती, म्हणून त्यांनी पिंप्राळ्यात घर घेतलं. वर्षभरात तिची नाशिकला बदली झाली. राहिले दोन अनोळखी म्हातारे.

मी एकदा अक्कांना विचारलं होतं, "नानांना इकडे बदली नाही का मिळाली? भुसावळ एवढं मोठं रेल्वेचं ठिकाण."

"मागितली होती म्हणे," अक्का म्हणाल्या. "मंजूर झाली नाही." आणि विषय संपला.

मागच्या हिवाळ्यात अक्कांच्या भाचीचा धुळ्याला साखरपुडा होता. माझं माहेर धुळ्याचं, मलाही जायचंच होतं. जळगावहून धुळ्याला सरळ एसटी जाते. पण नाना म्हणाले, "रेल्वेनं जाऊ. चाळीसगाव-धुळे लाईनीला आता वीज आली. नवी तार बघू." एसटीनं अडीच-तीन तासांचा रस्ता आम्ही चाळीसगावला गाडी बदलून अर्ध्या दिवसात करणार होतो. अक्कांनी शेंगांची पिशवी सोबत घेतली.

गाडीत जागा मिळाली. पाचोऱ्याला एक गृहस्थ चढले. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, हातात स्टीलचा डबा. आमच्या समोर बसले. ऊन येत होतं म्हणून नाना खिडकी ओढायला उठले आणि खिडकीच्या गजाला त्यांनी उलटा हात लावला.

ते गृहस्थ एकदम हसले. "भाऊ, विजेच्या खात्यात होता काय?"

"होतो," नाना म्हणाले.

"तरीच. मी हुसेनभाई. भुसावळला होतो, वरच्या तारेवर. सगळी नोकरी शिडीवर गेली. आता पाचोऱ्याला असतो, चाळीसगावला लेक दिली आहे." माणूस बोलका होता आणि चेहऱ्यानं भला. "तुमच्यासारखा उलटा हात मी आयुष्यात एकाचाच बघितला. तोपण एक नमुना होता."

अक्का शेंगा सोलत होत्या. त्यांनी मूठभर दाणे हुसेनभाईंच्या पुढे केले. ते खात खात हुसेनभाई सांगू लागले.

"कलकत्त्याहून आला होता तो. आपल्या इकडचाच, पण नोकरी तिकडे. बदली पाहिजे होती त्याला. साहेब म्हणाले, इकडचं काम वेगळं आहे, जमतं का बघू, आठ दिवस यांच्यासोबत राहा. हुशार माणूस, भाऊ! वीज बंद केली, तार दोन्ही बाजूंनी जमिनीला जोडली, तरी यानं सगळं परत तपासलं. आम्ही म्हटलं, हा तर आपला उस्ताद होणार. मग त्याला सांगितलं, चढ शिडीवर."

नाना खिडकीबाहेर बघत होते. खिडकी अर्धीच ओढलेली होती.

"अर्ध्यात गेला आणि थांबला. वर जाईना, खाली येईना. शिडीला अशी मिठी मारली होती, जशी आईला मारतो. मी खाली उभा. माझ्या तोंडावर त्याचा घाम पडत होता. माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो, अल्लाचं घेतो. हा बाबा एकच बोलत होता." हुसेनभाईंनी आवाज बारीक केला. "'वैशालीनी माय, वैशालीनी माय.' जवान पोरं हसायला लागली. खोटं कशाला बोलू, मीपण हसलो. मग मीच वर चढलो आणि त्याचा एक एक पाय धरून, पायरीवर ठेवत ठेवत खाली आणला. त्याच दिवशी निघून गेला. जेवलापण नाही."

अक्कांच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही, लेकराच्या नावानं मारतो. नाना अक्कांना ज्या नावानं हाक मारायचे, ते मी सहा वर्षं भिंतीपलीकडून ऐकत होते.

"कोन्तं साल व्हतं ते, भाऊ?" अक्कांनी विचारलं.

"साल काही आठवत नाही, अक्का. आमची मोठी नुकती चालायला लागली होती. पोळा होऊन गेला होता, एवढं आठवतं."

अक्का नानांकडे वळल्या. सहा वर्षांत मी त्यांना नानांकडे इतकं सरळ बघताना पाहिलं नव्हतं.

"पोळाना मांगे वैशाली धुळाना दवाखानामा व्हती," त्या म्हणाल्या. "टायफाईड. मी तुमले कलकत्ताले तार करी. तुम्ही भुसावळले व्हतात?"

हुसेनभाईंचा चावणारा जबडा थांबला. त्यांनी एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा नानांच्या टक्कल पडलेल्या डोक्याकडे, एकदा त्यांच्या हाताकडे.

"तो मीच व्हतू, भाई," नाना म्हणाले.

गाडीत बाकीचे लोक बोलत होते, कुठेतरी लहान मूल रडत होतं. मग हुसेनभाई उठले आणि नानांचे दोन्ही हात त्यांनी हातात घेतले. "माफ करा, भाई. मला केस आठवत होते, मिशा आठवत होत्या. माफ करा."

"तुम्ही कसाले माफी मागतस?" नाना म्हणाले. "तुम्हीच तर मले खाले उतारं."

चाळीसगावला हुसेनभाई लेकीकडे गेले नाहीत. अक्कांची पिशवी उचलून आमच्यासोबत धुळ्याच्या गाडीपर्यंत आले आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर उभे राहिले. धुळ्याच्या गाडीत अक्का आमच्यापासून लांब, दाराजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. वर नवी तार होती, नवे खांब होते, ज्यांच्यासाठी आम्ही एवढा वळसा घालून आलो होतो. नानांनी एकदाही वर पाहिलं नाही.

साखरपुड्यात अक्का सगळ्यांशी नीट वागल्या. मुलीची ओटी भरली, पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या. हात धुताना मी त्यांच्याजवळ गेले, तेव्हा त्या नळ चालू ठेवून बोलल्या.

"सोनगीरच्या बाया मला कलकत्तावाली म्हणायच्या. तोंडावर म्हणायच्या, नवऱ्यानं तिकडं दुसरी केली असंल, नाही तर कोण असा राहतो? मी रडायची. मग एक वेळ अशी आली की मला वाटायचं, असली तर बरं. एखाद दिवस जाऊन तिच्याशी भांडता तरी येईल. आता कळलं, कोणीच नव्हतं. शिडी व्हती, बाई. नुसती शिडी."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तेव्हा स्टँडवर अक्का म्हणाल्या, "तुम्ही जळगावला जा. मी सोनगीरला जाते."

"किती दिवस?" नानांनी विचारलं.

"तुम्ही तीस वरीस सांगं नही," अक्का म्हणाल्या. "मी कशी सांगू?"

आणि त्या सोनगीरवरून जाणाऱ्या शिरपूरच्या गाडीत जाऊन बसल्या.

जळगावच्या एसटीत नाना आणि मी शेजारी शेजारी. पारोळ्याला ते आपणहूनच सुरू झाले.

"मला वाटलं नव्हतं असं होईल. लहानपणी सोनगीरच्या किल्ल्यावर पोरं चढायची, मी खाली गुरं बघत बसायचो. वाटायचं, आळस आहे. नोकरी भुयारातली लागली, मग उंचीशी संबंधच नाही आला. त्या दिवशी शिडीवर कळलं."

"पण नाना, घरी का नाही गेलात? भुसावळपर्यंत आला होतात."

"धुळ्यापर्यंत आलो होतो, बाई. आज निघालो त्याच स्टँडवर. सोनगीरची गाडी लागली होती, आत जाऊन बसलो. कंडक्टर आला, म्हणाला, कुठं? आणि माझ्या तोंडातून सोनगीर निघेना. बदली घेऊन येतो असं तिला लिहिलं होतं मी. आता जाऊन काय सांगू? चढता आलं नाही? गडीमाणूस मी. बठ्ठे, सगळं गाव विचारील. ती विचारील. मी उतरलो. दिवसभर स्टँडच्या बाकावर बसलो. संध्याकाळी परत भुसावळ, मग कलकत्ता. खोलीवर गेलो तर दाराच्या फटीत तार पडली होती. वैशाली दवाखान्यात, लवकर या. चार दिवसांची जुनी. तिच्यावर दुसरी तार. बरी आहे, येऊ नका."

बाहेर कापसाची वेचणी संपत आलेली शेतं मागे जात होती. नाना समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बोलत होते.

"दवाखाना स्टँडपासून किती लांब शे, बाई? तुमचं माहेर धुळ्याचं."

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण जमलं नाही. "रिक्षानं दहा मिनिटं," मी म्हटलं.

"हां," नाना म्हणाले. "मीपण नंतर तेवढंच काढलं होतं."

मी विचारलं, निदान नंतर कधीतरी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर शिडीचं सांगावं लागलं असतं. पाच वर्षांनी सांगितलं असतं तर पाच वर्षांच्या खोट्याचंही सांगावं लागलं असतं. "ते वाढतच गेलं, बाई. मग मीच त्याच्यावर झाकण घातलं."

त्यानंतर तीन-चार आठवडे नाना एकटे होते. त्यांना भात लावता येत नव्हता, असं नाही. कलकत्त्याला सगळं हातानंच केलेलं. पण इथे त्यांनी स्वयंपाकघरात फारसा पाय ठेवला नाही. मी बट्टी-वरण पाठवलं की भांडं घासून, पुसून परत यायचं. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी ते अंगणात उभे राहून अक्कांना फोन करायचे. आम्हाला ऐकू यायचं. "वैशालीनी माय, आज बाईंनी बट्ट्या दिल्या व्हत्या. दुपारी थोडा झोपलो. तुळशीला पाणी घातलं." एवढं बोलून थांबायचे, थोडा वेळ फोन कानाला तसाच धरायचे आणि ठेवायचे.

"बोलतात का अक्का काही?" मी एकदा विचारलं.

"नाही."

"मग?"

"उचलते ना," नाना म्हणाले. "म्हणजे लाईन चालू शे."

एका सकाळी ते घराची चावी घेऊन आमच्याकडे आले. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात छोटी पिशवी. "सोनगीरला जातो. तिला फोन करून सांगू नका. आजपर्यंत प्रत्येक वेळी मी पत्र टाकून गेलो. तारीख कळवायची, मग ती घर सारवून ठेवायची, लाडू करून ठेवायची. न सांगता एकदाही गेलो नाही. आज तसंच जातो. घालवून दिलं तर संध्याकाळपर्यंत परत येईन."

संध्याकाळी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी वैशालीला नाशिकला फोन केला, तर ती म्हणाली, "मावशी, दोघं तिथेच आहेत. आई काही सांगत नाही. पण बाबांनी काल मला फोन करून विचारलं, तुला टायफॉइड झाला होता तेव्हा तू दवाखान्यात काय खायची? मी म्हटलं, मोसंबी. तर म्हणाले, कोण आणून द्यायचं? मला आठवेना. ते म्हणाले, बरं, तुझ्या आईला विचारतो." मग म्हणाली, "बाबांनी मला असा काही प्रश्न पहिल्यांदाच विचारला."

महिन्याभरानं शाळेच्या कामासाठी मला शिरपूरला जावं लागलं. परत येताना हायवेवर सोनगीरला उतरले. पितळी भांड्यांच्या दुकानांवरून आत गेलं की गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. दार उघडंच होतं. ओसरीवर अक्का तांब्याचा हंडा चिंचेनं घासत बसल्या होत्या. समोर भिंतीला टेकून नाना, मांडीवर हात ठेवून, परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे. मला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. अक्का पाठमोऱ्या होत्या, बोलत होत्या.

"मंग तुमनी माय म्हने, पोरगीले शाळामधून काढी टाक. मी म्हनं, नही काढाव. दोन म्हैना तिनं बुडायेल, मी रोज मास्तरकडे जाऊन वही आनू."

"कोन मास्तर?" नानांनी विचारलं.

"देवरे मास्तर. गेले ते आते."

"चालत जाये का तू?"

"मंग काय, मोटार व्हती?"

नाना पुढे सरकले. मग म्हणाले, "पाऊस व्हता?"

"व्हता ना. वही पदरखाले धरू."

मी दारात उभी होते. अक्कांना चाहूल लागली, त्यांनी वळून पाहिलं आणि लगबगीनं हात धुवायला उठल्या. "या बाई, या. चहा ठेवते." त्यांच्या चेहऱ्यावर राग उरलेला नव्हता असं मी म्हणणार नाही. थोडा होता. पण तो घरातल्या माणसावरचा होता.

चहा झाला. अक्कांनी साखर मला विचारली, नानांना विचारली नाही. मी म्हटलं, "काय चाललंय हे?"

नाना लाजले. अक्काच म्हणाल्या, "आले त्या दिवशी इथं ओसरीवर बसले आणि म्हणाले, मी नव्हतो तेव्हाचं बठ्ठं सांग. मी म्हटलं, आता काय उपयोग? तर म्हणाले, उपयोगाचं नाही विचारत. मग मी चिडून सुरू केलं, की ऐका आता, किती ऐकता. तर उठेचना माणूस. रोज सकाळी अंघोळ करून येऊन बसतात."

"मग जळगावला कधी येताय?" मी विचारलं. "चावी माझ्याकडेच आहे."

अक्कांनी हंडा पुन्हा पुढ्यात ओढला.

"वैशाली आते कोठे चौथीमा गई, बाई," त्या म्हणाल्या. "आजून कितली वरीसं बाकी शेतस."